कॅसेट भरून देणे

१९९७ सालच्या जुलै महिन्यात बारावीनंतरच्या शिक्षणासाठी मी कऱ्हाडहून पुण्याच्या वसतिगृहात जायला निघालो, तेव्हा ताईने माझ्या पिशवीत एक कॅसेट टाकली. साठ मिनिटांची. आतल्या कार्डावर तिच्या अक्षरात चौदा गाण्यांची यादी होती. 'अ' बाजूची सात गाणी शेजारच्या काकांकडच्या दोन कप्प्यांच्या डेकवर उतरवलेली होती. पुढे तो डेक बिघडला, म्हणून 'ब' बाजूची सात गाणी तिने घरीच, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून भरली होती. हे काम चार संध्याकाळी चालले होते आणि त्या वेळात घरात कोणी बोलायचे नाही अशी ताकीद होती. कॅसेट भरून झाल्यावर तिने मागच्या कडेवरचे प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे मोडून टाकले होते.

गेल्या उन्हाळ्यात जुने सामान आवरताना ती कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डरही होता, पण त्यातला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. नवा पट्टा घातला आणि कॅसेट लावली. ती वाजली. मात्र 'अ' बाजूवर एक गंमत लक्षात आली. प्रत्येक गाणे सुरू होण्याआधी दोन-तीन सेकंद तेच गाणे अगदी क्षीण आवाजात, भिंतीपलीकडून आल्यासारखे ऐकू येत होते. 'ब' बाजूवर असे काही कळत नव्हते. तिथे होते ते कुकरच्या शिट्टीचे आणि रस्त्यावरच्या सायकलच्या घंटीचे आवाज.

माझ्या मुलीने विचारले, "हे तुकडे का मोडले? गाणे आधीच कसे ऐकू येते? आणि आजोबांनी आजीला अशी कॅसेट का नाही दिली?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भौतिकशास्त्रात आहेत. तिसऱ्याचे उत्तर इतिहासात आहे आणि मला वाटते, तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. आपल्या आवडीची गाणी निवडून, त्यांचा क्रम लावून ती दुसऱ्याला देणे ही गोष्ट आज किती साधी वाटते! पण ध्वनिमुद्रणाच्या शोधानंतर जवळजवळ नव्वद वर्षे सामान्य माणसाला ते करता येत नव्हते. का, ते पाहू.

नोंदवणारे यंत्र, वाजवणारे यंत्र

थॉमस एडिसन याने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. फिरत्या नळकांड्यावर कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असे. आवाजाने पडदा थरथरे, पडद्याची सुई पत्र्यावर खाचा पाडी आणि त्याच खाचांवरून सुई पुन्हा फिरवली की आवाज परत येई. लक्षात घ्या, नोंदवणे आणि वाजवणे ही दोन्ही कामे एकाच यंत्रात होती. या यंत्राचे उपयोग काय, याची एक यादी एडिसनने १८७८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात पहिला मान होता पत्रे लिहून घेण्याला. अंधांसाठी बोलकी पुस्तके, वक्तृत्वाचे शिक्षण, कुटुंबातील माणसांचे आवाज जपून ठेवणे हेही त्यात होते. संगीताचा क्रमांक चौथा होता. एडिसनच्या कल्पनेतले यंत्र बोलणाऱ्या माणसाच्या हातात होते.

प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये तबकडीवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत पुढे आणली. तबकडीचा मोठा गुण असा, की एका मूळ मुद्रणापासून धातूचा साचा करता येतो आणि त्या साच्याने हजारो तबकड्या छापता येतात, जणू पुस्तकाच्या प्रती. तबकडी स्वस्त झाली आणि घरोघर पोचली. पण या सोयीची एक किंमत होती. घरातल्या ग्रामोफोनला नोंदवता येत नव्हते, फक्त वाजवता येत होते. नोंदवण्याचे काम कंपनीकडे गेले आणि ऐकणारा केवळ श्रोता उरला.

आपल्याकडे हे युग १९०२ मध्ये सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजान यांच्यासह अनेक गायकांची मुद्रणे त्याने केली. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास मावत, म्हणून तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागे. काय मुद्रित करायचे, किती वेळ, कोणत्या तबकडीच्या पाठीवर कोणते गाणे, हे सारे कंपनी ठरवी.

मग एखाद्याला एखाद्यासाठी गाणे वाजवावेसे वाटले तर? त्याचे साधन होते पोस्टकार्ड. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. तिच्या फर्माईशीच्या कार्यक्रमांना आणि आकाशवाणीच्या मराठी 'आपली आवड'ला लोक पत्रे पाठवत आणि आपले नाव गाण्याआधी वाचले जाण्याची वाट पाहत. झुमरी तलैया हे गाव तर या पत्रांमुळेच देशभर माहीत झाले. गाणे कोणासाठी आहे हे श्रोता सांगू शकत होता. पण ते वाजवायचे की नाही, आणि केव्हा, हे केंद्र ठरवी. ते गाणे तीन मिनिटांत हवेत विरून जाई. भेट देण्यासाठी हातात काही उरत नसे.

लोखंडाची आठवण

श्रोत्याच्या हातात नोंदवण्याचे साधन पुन्हा आले ते एका वेगळ्या वाटेने. एडिसनची प्रयोगशाळा पाहून आलेल्या ओबर्लिन स्मिथ या अमेरिकन अभियंत्याने १८८८ मध्ये एका लेखात सुचवले की, खाचा पाडण्याऐवजी पोलादाची पूड मिसळलेल्या दोऱ्याला कमीअधिक चुंबकत्व देऊनही आवाज साठवता येईल. त्याने कल्पना मांडली, यंत्र केले नाही. ते केले डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेन याने, १८९८ मध्ये. त्याच्या टेलिग्राफोन यंत्रात नळकांड्यावर पोलादी तार गुंडाळलेली असे आणि एक छोटा विद्युतचुंबक तिच्यावरून सरकत जाई. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ या यंत्रापुढे बोलला. ते चुंबकीय मुद्रण आजही टिकून आहे.

यामागचे तत्त्व अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. लोहचुंबकीय पदार्थावर चुंबकीय क्षेत्र लावून काढून घेतले, तरी त्यात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. पाठ्यपुस्तकातला हिस्टेरेसिसचा वक्र हेच सांगतो. विद्युतजनित्र किंवा रोहित्र बनवणाऱ्याला हा लोखंडाचा हट्टीपणा नको असतो, कारण त्यात ऊर्जा वाया जाते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मात्र नेमका तोच हवा असतो. एकाचा तोटा ती दुसऱ्याची आठवण!

पण पोल्सेनच्या यंत्राचा आवाज फार क्षीण होता. तो वाढवायला विवर्धक हवा आणि त्यासाठी लागणारी निर्वात नळी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. शिवाय तार पिळवटे आणि तुटली की गाठ मारावी लागे. पुढची पायरी जर्मनीत ओलांडली गेली. ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमर याने सिगारेटच्या कागदावर सोनेरी धातूची पट्टी चढवण्याची कृती शोधली होती. त्याच अनुभवावरून १९२८ मध्ये त्याने कागदाच्या पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवून चुंबकीय फीत केली. आपल्या विषयाच्या दृष्टीने या फितीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती कात्रीने कापता येत होती आणि पुन्हा चिकटवता येत होती. तबकडीवरच्या आवाजाचा क्रम कायमचा ठरलेला. फितीवरच्या आवाजाचा क्रम बदलता येत होता.

एइजी या कंपनीने फ्लॉयमरचे हक्क घेतले, बीएएसएफने फीत तयार केली आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांपुढे आले. त्यात अजून खरखर बरीच होती. ती कमी झाली एका अपघाताने. १९४० मध्ये जर्मन नभोवाणीतील वॉल्टर वेबर आणि हान्स योआखिम फॉन ब्राउनम्यूल यांना असे आढळले की, बिघडलेल्या एका विवर्धकातून नकळत उच्च वारंवारतेचा प्रवाह मुद्रणात मिसळत होता आणि त्या फितीवरचा आवाज आश्चर्यकारक स्वच्छ होता. हीच युक्ती अमेरिकेत आणि जपानमध्ये आधी सापडली होती, पण तिचा व्यवहारात पुरेपूर उपयोग इथे झाला.

हे कसे घडते? लाकडी कपाटाचा अडकलेला खण हळूच ओढला तर हलत नाही. जोर केला की एकदम हिसक्याने बाहेर येतो. पण ओढताना तो सारखा थोडा हलवत राहिलो, तर जितके ओढू तितका सरळ येतो. फितीवरच्या चुंबकीय कणांचेही असेच आहे. हळू आवाजाच्या दुर्बळ क्षेत्राला ते दाद देत नाहीत. कानाला ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह त्यांना सारखा हलवत ठेवतो, म्हणून मूळ आवाज जसाच्या तसा उमटतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, अमेरिकन सैन्यातील जॅक मलिन या अभियंत्याला जर्मनीतील बाट नाउहाइमच्या नभोवाणी केंद्रात ही यंत्रे मिळाली. दोन यंत्रे सुटी करून त्याने मायदेशी पाठवली आणि पुन्हा जोडली. गायक बिंग क्रॉस्बी याला आपला रेडिओ कार्यक्रम थेट सादर करण्याऐवजी आधी मुद्रित करून हवा होता. १९४७ पासून त्याचा कार्यक्रम फितीवरून प्रसारित होऊ लागला. नको तो भाग कापायचा, हवा तो पुढेमागे करून जोडायचा, असे काम नित्याचे झाले. ताईने चार संध्याकाळी जे केले त्याचे मूळ इथे आहे. फरक एवढाच की, ते यंत्र कपाटाएवढे आणि श्रीमंत स्टुडिओचे होते.

खिशात मावणारी डबी

यंत्र लहान करण्याचे श्रेय जाते फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्ट येथील गटाला आणि त्याचा प्रमुख लू ओटेन्स याला. मोठ्या चकत्यांवरची फीत यंत्रात ओवायला त्रास होई. ओटेन्सने कोटाच्या खिशात मावेल असा एक लाकडी ठोकळा करून घेतला आणि यंत्र एवढेच असले पाहिजे असे ठरवले. ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट आली. ती प्रामुख्याने बोलणे टिपण्यासाठी होती. संगीताची कोणाला फारशी अपेक्षा नव्हती.

तिचे आकडे पाहण्यासारखे आहेत. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. तीस मिनिटांच्या एका बाजूसाठी सुमारे ८६ मीटर फीत लागते. म्हणजे पाच मिनिटांचे गाणे सव्वाचौदा मीटर लांब असते! रुंदीवर स्टिरिओसाठी चार पट्टे असतात. दोन जाताना आणि दोन उलट बाजूने येताना. प्रत्येक पट्टा जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंद.

आता १०,००० हर्ट्झचा एक बारीक स्वर घ्या. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर फितीवर दहा हजार तरंग बसवायचे, म्हणजे एका तरंगाची लांबी ४.७६ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा तरंग वाचायचा तर वाचणाऱ्या चुंबकाची फट त्याहूनही अरुंद हवी. स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावे, म्हणून तिथे याच तरंगाला आठपट ऐसपैस जागा मिळे. कॅसेटमध्ये संगीत बसवणे का अवघड होते हे यावरून कळेल. अधिक बारीक चुंबकीय कण, क्रोमियम डायऑक्साइडची फीत आणि १९६८ मध्ये आलेली डॉल्बी-बी ही खरखर कमी करण्याची पद्धत यांमुळे ते पुढच्या दहा वर्षांत साधले.

तांत्रिक गुणांइतकाच एक व्यावहारिक निर्णयही महत्त्वाचा ठरला. १९६५ च्या सुमारास फिलिप्सने इतर उत्पादकांना कॅसेट बनवण्याचा परवाना विनामूल्य दिला. अट एकच, मापे बदलायची नाहीत. त्यामुळे जपानी, जर्मन, भारतीय, कोणतीही कॅसेट कोणत्याही यंत्रात चालू लागली. मी भरलेली कॅसेट तुमच्याकडे वाजेल ही खात्री नसती, तर भेट देण्याचा प्रश्नच उरला नसता.

शिवाय जवळजवळ प्रत्येक टेपरेकॉर्डरवर एक लाल खूण असलेली कळ होती. १८७७ मध्ये एकत्र असलेली आणि तबकडीने वेगळी केलेली दोन कामे पुन्हा एका यंत्रात आली. त्याबरोबर एक धोकाही आला. जी फीत पुन्हा पुन्हा भरता येते, ती चुकून पुसलीही जाते. म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन तुकडे ठेवलेले असतात, एकेका बाजूसाठी एकेक. तुकडा मोडला की यंत्रातली कांडी त्या खोबणीत शिरते आणि मुद्रणाची कळ दाबलीच जात नाही. मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे. ताईने ते तुकडे मोडले, याचा अर्थ तिने ती कॅसेट पूर्ण झाली असे ठरवले होते.

कोऱ्या कॅसेटचे दिवस

भारतात कॅसेट खऱ्या अर्थाने पसरली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून. आखाती देशांत कामाला गेलेली माणसे परत येताना टू-इन-वन घेऊन येत. पुढे आयातीचे नियम सैल झाले आणि देशातही यंत्रे बनू लागली. तबकडीच्या काळात एकाच कंपनीचे वर्चस्व होते, कारण तबकड्या छापायला मोठा कारखाना लागे. कॅसेट भरायला एक खोली पुरे होती. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल तपशिलाने मांडला आहे. प्रादेशिक भाषांतील, जातीजमातींतील, लहान गावांतील संगीताला प्रथमच स्वतःची बाजारपेठ मिळाली. महाराष्ट्रात कोळीगीते, लावण्या, भीमगीते, विठ्ठलाची गाणी गल्लोगल्ली वाजू लागली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावोगाव पोचला त्यात कॅसेटचा वाटा मोठा आहे.

याच काळात एक नवा व्यवसायही दिसू लागला. दुकानाबाहेर पाटी असे, "येथे कॅसेट भरून मिळेल." आपण गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, दुकानदार दोन दिवसांनी भरून देई. शास्त्रीय संगीताच्या रसिकांनी तर त्याआधीपासून, मोठ्या चकत्यांच्या टेपरेकॉर्डरवर, खासगी मैफली टिपून एकमेकांना उतरवून दिल्या होत्या. तीन मिनिटांच्या तबकडीत न मावलेले गाणे त्यामुळे टिकले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७० च्या दशकात रस्त्यावरच्या नृत्यसमारंभांच्या कॅसेटी हातोहात फिरत, आणि हिप-हॉप संगीत तबकड्यांच्या कंपन्यांकडे पोचण्याआधी याच मार्गाने पसरले.

ही केवळ करमणुकीची बाब नव्हती. सोव्हिएत संघात व्लादिमिर विसोत्स्की आणि बुलात ओकुद्झावा यांची गाणी सरकारी परवान्याशिवाय घरोघरच्या टेपरेकॉर्डरवरून उतरवली जात. इराणमध्ये १९७८-७९ साली आयातुल्ला खोमेनी यांची भाषणे कॅसेटमधून देशभर पोचली. एकाने एकाला उतरवून दिलेली फीत अडवणे कोणत्याही सत्तेला कठीण असते. ते साधन चांगल्या हातात आहे की वाईट, हे मात्र फीत ठरवत नाही.

हक्क कोणाचा?

इथे एक प्रश्न टाळता येणार नाही. ताईने भरलेली गाणी कोणीतरी लिहिली होती, कोणीतरी गायली होती. त्यांना त्या कॅसेटचे काय मिळाले? काहीच नाही. १९८१ मध्ये ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिका उद्योगाने घरी कॅसेटी भरण्याने संगीताचा जीव जात आहे अशी मोहीम काढली. दोन कप्प्यांचे डेक विकणाऱ्या अॅमस्ट्रॅड कंपनीवरचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९८८ मध्ये फेटाळला गेला; यंत्र विकणारा ग्राहकाच्या वापराला जबाबदार नाही, असे ठरले. जर्मनीने दुसरा मार्ग काढला. १९६५ पासून टेपरेकॉर्डरवर आणि १९८५ पासून कोऱ्या फितींवर थोडी रक्कम आकारून ती कलावंतांमध्ये वाटायची. अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्याने घरगुती, बिनव्यापारी मुद्रणासाठी ग्राहकावर दावा करू नये असे ठरवले. भारतात १९५७ च्या कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराची सवलत, संगणकाच्या आज्ञावली सोडून, सर्व कृतींना लागू झाली.

पैसे घेऊन कॅसेट भरून देणारे दुकान आणि बहिणीने भावाला दिलेली एक कॅसेट या दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, असे मला वाटते. पण विद्यार्थ्यांशी बोलताना दोन्ही बाजू मांडाव्यात. फुकट मिळालेल्या प्रत्येक गाण्यामागे कोणाचे तरी श्रम आहेत, हेही त्यांना कळले पाहिजे.

यादी आणि फीत

आज माझी मुलगी मैत्रिणीला गाण्यांची यादी क्षणात पाठवते. ही यादी दूर असली तरी पोचते, तिला अंतर नाही, खर्च नाही. ही मोठी सोय आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एक फरक समजून घ्यावा. त्या यादीत आवाज नसतो, आवाज कुठे आहे याचा पत्ता असतो. आवाज कंपनीच्या संगणकावर असतो. तिचा हक्कधारकांशी करार संपला, तर नाव राहते आणि गाणे जाते. एका अर्थाने आपण पुन्हा ग्रामोफोनच्या काळात गेलो आहोत. पोस्टकार्ड मात्र फार वेगवान झाले आहे.

फीत तरी अमर आहे का? मुळीच नाही. मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्या झिजण्यातच आहे. गुंडाळलेल्या फितीचे थर एकमेकांना चिकटून असतात. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये फितीची एकूण जाडी सुमारे १८ मायक्रॉन असते. मोठ्या आवाजाचा चुंबकीय ठसा वर्षानुवर्षे शेजारच्या थरावर हलका उमटत राहतो. म्हणून गाण्याआधीच्या शांत फितीवर गाण्याचा क्षीण ठसा ऐकू येतो. तो किती आधी ऐकू येईल? एका वेढ्याइतका. गुंडाळीच्या बाहेरच्या वेढ्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर परीघ १५.७ सेंटिमीटर, म्हणजे ३.३ सेकंद. अगदी आतल्या वेढ्याचा व्यास २.२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड सेकंद. मी घड्याळ लावून पाहिले; सर्व गाण्यांचे अंतर या दोहोंच्या मध्येच येते. 'ब' बाजूवर हा ठसा असणारच, पण खोलीतल्या आवाजांनी तो झाकून टाकला आहे.

आपल्या शाळांच्या कपाटांत अशा कितीतरी कॅसेटी पडून असतील. स्नेहसंमेलनातील गाणी, निवृत्त शिक्षकांची भाषणे, गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेल्या ओव्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती बहुधा कुठेच नाहीत. त्या या वर्षीच्या सुटीत संगणकावर उतरवून घ्याव्यात. आधी मागचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून काही पुसले जाणार नाही. फितीवर बुरशी दिसली तर ती तशीच यंत्रात घालू नये. वाजवण्यापूर्वी फीत एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळावी. तिचे थर सुटतात आणि तो आगाऊ आवाजही काहीसा कमी होतो. ध्वनिवर्धकाजवळ कॅसेट ठेवू नये, कारण त्यात बलवान चुंबक असतो.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोगही आहे. साठ मिनिटांची निकामी कॅसेट घ्या. फीत पूर्ण एका बाजूला गुंडाळा आणि गुंडाळीचा बाहेरचा व व आतल्या चकतीचा व्यास मोजा. दोन वर्तुळांच्या क्षेत्रफळांतील फरकाला फितीच्या लांबीने, म्हणजे ८६ मीटरने, भागा. उत्तर येईल ती फितीची जाडी. साध्या पट्टीने मिलिमीटरचा पन्नासावा-साठावा भाग मोजता येतो हे पाहून मुलांना आनंद होतो. मग नव्वद मिनिटांची कॅसेट घ्या. डबी तेवढीच आणि फीत दीडपट लांब. तर जाडी किती असेल, याचा अंदाज मोजण्यापूर्वीच करायला सांगा.

माझ्या कॅसेटमधले एक मोजमाप राहिले. 'ब' बाजूवर चौथे गाणे संपते आणि कळ दाबायला ताईला थोडा उशीर होतो. तेवढ्यात दारातून बाबा विचारतात, "झालं का गं? आता बोललं तर चालेल?" ताई हसते आणि कळ दाबल्याचा आवाज येतो. बाबा जाऊन अकरा वर्षे झाली. आमच्याकडे त्यांची छायाचित्रे पुष्कळ आहेत, पण आवाज एवढाच आहे. मी तो मोजला. पाच सेकंद, म्हणजे चोवीस सेंटिमीटर फीत.

ती आता संगणकावर उतरवली आहे. मूळ कॅसेट ताईला परत नेऊन दिली.